कंपनी कुठे आणि आपण कुठे?

वाचकांचे प्रश्न

परदेशात स्वतःचा उद्योग सुरू करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. मी वकील नाही. बँकेच्या परकीय चलन विभागात तेवीस वर्षे बसून बडोद्यातील माणसांचे पैसे बाहेर जाताना आणि त्यांतले काही परत येताना पाहिले आहेत, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

प्रश्न : माझे वय ३२ आहे. मकरपुरा जीआयडीसीत वडिलांचे पंपांचे सुटे भाग बनवण्याचे वर्कशॉप आहे आणि तेथेच मी पंपाच्या बेअरिंगची कंपने मोजून बिघाडाची आगाऊ सूचना देणारे उपकरण व त्याचे सॉफ्टवेअर तयार केले आहे. नंदेसरीतील तीन रासायनिक कारखाने त्यासाठी दरमहा पैसे देतात. जर्मनीतील एका कारखान्याने दोन नग चाचणीसाठी मागवले आहेत. ही कंपनी परदेशात सुरू करून पत्नी व मुलीसह तेथे स्थायिक व्हावे, असा विचार आहे. बहीण कॅनडात असते. अलकापुरीतील एका एजंटाने कॅनडाच्या स्टार्टअप व्हिसासाठी ‘पत्र मिळवून देतो’ असे सांगून बिझनेस प्लॅनही करून दिला आहे. त्याची प्रत सोबत पाठवत आहे. मित्र म्हणतो, अमेरिकेत डेलावेअरला कंपनी उघड आणि इथली कंपनी तिच्याखाली घाल. वडील म्हणतात, दुबई. कोणता देश निवडावा?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आपण पाठवलेला बिझनेस प्लॅन मी शेवटपर्यंत वाचला. तो ४२ पानांचा आहे, रंगीत आलेख आहेत, स्पायरल बाइंडिंगही चांगले आहे. सोळाव्या पानापर्यंत आपले उपकरण पंपाची कंपने मोजते आणि सतराव्या पानावर मात्र ते ‘ग्राहकाच्या दारातून कपडे उचलते व चोवीस तासांत इस्त्री करून परत देते’. एजंटाच्या संगणकावर आपल्या आधी कोण बसले होते, हे त्यावरून कळते.

एजंट ज्या ‘पत्रा’विषयी बोलत होता, ते काय होते हे आधी सांगतो. कॅनडाने ही योजना २०१३ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू केली आणि २०१८ मध्ये कायम केली. सरकारने नेमून दिलेल्या संस्थांपैकी एकीने आपल्या कल्पनेला पाठिंबा दिल्याचे पत्र अर्जासोबत लागे. व्हेंचर कॅपिटल फंडाने पत्र दिले तर त्याने किमान २ लाख कॅनेडियन डॉलर गुंतवावे लागत, एंजल गुंतवणूकदारांच्या गटाने दिले तर ७५ हजार, आणि इन्क्युबेटरने, म्हणजे नव्या उद्योगांना जागा व मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेने, दिले तर त्याने काहीही गुंतवण्याची अट नव्हती. जिथे पत्र देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, तिथेच पत्रांचा बाजार भरतो, हे सांगायला बँकेतला अनुभव लागत नाही. अर्जांची रांग इतकी वाढली की २०२४ मध्ये प्रत्येक संस्थेला वर्षाला दहाच उद्योगांची मर्यादा घालण्यात आली आणि २०२५ च्या अखेरीस, त्या वर्षीचे पत्र आधीच हाती असलेल्यांचा अपवाद सोडून, नवे अर्ज घेणे बंद झाले. एजंटाने ही गोष्ट आपल्याला सांगितली नसेल, तर त्याला विचारा. माहीत असूनही तो आगाऊ रक्कम मागत असेल, तर उठून या.

आता मुख्य मुद्दा. ‘कोणता देश निवडावा’ हा आपण एक प्रश्न म्हणून विचारला आहे, पण त्यात दोन प्रश्न आहेत. कंपनीची नोंदणी कोणत्या देशात असावी हा एक, आणि आपण, पत्नी व मुलगी यांनी कोणत्या देशात राहावे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ग्राहक देतो. दुसऱ्याचे उत्तर त्या देशाचा परवाना-कायदा देतो आणि तो कायदा निवडणुकीगणिक बदलू शकतो. ज्यांनी व्हिसा सोपा म्हणून देश निवडला आणि मग तेथे ग्राहक शोधायला निघाले, त्यांचा धंदा चाललेला मी फारसा पाहिलेला नाही. आपल्या गावच्या बँक ऑफ बडोदाने १९०८ मध्ये काम सुरू केले आणि देशाबाहेरच्या पहिल्या शाखा १९५३ मध्ये मोंबासा व कंपाला येथे काढल्या. पूर्व आफ्रिकेत गुजराती व्यापाऱ्यांची दुकाने त्याआधी कित्येक वर्षे उभी होती. ग्राहक आधी गेला, शाखा मागून गेली.

आपल्या बाबतीत बहीण कॅनडात आहे, मित्राचे मन अमेरिकेत आहे आणि वडिलांचे दुबईत, पण दोन नग मात्र जर्मनीने मागवले आहेत. म्हणून जर्मनीविषयी थोडे सविस्तर लिहितो.

तेथे माल विकायला तेथे कंपनी असण्याची गरज नाही. आयात-निर्यात क्रमांक काढून मकरपुऱ्याहूनच दोन्ही नग पाठवता येतील. अडचण येईल ती प्रमाणनाची. युरोपात विकायच्या उपकरणावर तेथील सुरक्षा नियम पाळल्याचे सीई चिन्ह लागते. आपले उपकरण बिनतारी संदेश पाठवत असेल तर रेडिओ उपकरणांचे नियम लागू होतात. ज्वालाग्राही वाफा असलेल्या जागी ते पंपावर बसवायचे असेल तर एटेक्स नावाचे वेगळे आणि बरेच कडक नियम आहेत. आपण पाठवलेल्या छायाचित्रात उपकरणाची डबी पंपाच्या अंगाला होज क्लॅम्पने आवळलेली दिसते आणि केबलच्या तोंडाशी एम-सीलचा गोळा आहे. नंदेसरीत हे चालून जाते, जर्मन कारखान्याचा सुरक्षा अधिकारी मात्र तो गोळा पाहून पुढचे काही ऐकणारच नाही. एजंटाला देण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी या कामाला लावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्राहकाला भेटायला, बोलणी करायला आणि प्रदर्शनाला जायला शेंगेन व्हिसा पुरतो. त्यावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, मात्र नोकरी करता येत नाही. पहिली पैशाची ऑर्डर हाती आली की कंपनीचा विचार करावा. जर्मनीत जीएमबीएच या प्रकारच्या कंपनीला २५ हजार युरो भांडवल लागते आणि त्यातील निम्मे नोंदणीच्या वेळी भरलेले असावे लागते. यूजी नावाचा तिचा धाकटा प्रकार एका युरोपासूनही उघडता येतो, पण असल्या कंपनीला तेथील पुरवठादार उधारीवर माल द्यायला कचरतात. दोन्हींसाठी नोटरीसमोर जावे लागते आणि ही नोटरी आपल्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्यांसारखी स्वस्त नसते.

राहण्याचा परवाना हवा असेल, तर जर्मन निवास कायद्याचे कलम २१ स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. त्या व्यवसायाची तेथे आर्थिक गरज आहे, त्याचा परिणाम चांगला होईल आणि भांडवलाची सोय झालेली आहे, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो आणि व्यवसाय चालला, कुटुंबाचा खर्च त्यातून भागू लागला, तर त्यानंतर कायम निवासाचा अर्ज करता येतो. परवानाधारकाच्या पत्नीला नोकरी करण्याची मुभा असते. आपल्या पत्रात पत्नीच्या शिक्षणाविषयी एक शब्दही नाही. पहिली दोन वर्षे घर बहुधा त्यांच्याच पगारावर चालेल, तेव्हा देश ठरवताना त्यांना काय करायचे आहे हे आधी विचारा. नेदरलँड्सचा एक वर्षाचा स्टार्टअप परवाना आणि फ्रान्सचा फ्रेंच टेक व्हिसा हेही पर्याय आहेत, पण आपला ग्राहक जर्मनीत असल्यामुळे मी त्यांत शिरत नाही.

मित्राच्या सल्ल्याविषयी सावध करणे भाग आहे. डेलावेअरची कंपनी बडोद्यात बसून, व्हिसाशिवाय उघडता येते, हे खरे. पण ‘इथली कंपनी तिच्याखाली घाल’ हे वाक्य मित्राने जितक्या सहज म्हटले, तितके ते सहज नाही. ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या आपल्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीचे ज्या परदेशी कंपनीवर नियंत्रण आहे, त्या कंपनीच्या खाली आणखी उपकंपनी असता कामा नये. म्हणजे आपण व्यक्ती म्हणून अमेरिकेत कंपनी काढून तिच्याकडे मकरपुऱ्याची कंपनी सोपवली, तर व्हिसाचा प्रश्न उद्भवण्याआधीच रिझर्व्ह बँकेचा उद्भवेल. उलट दिशेने जाणे सोपे आहे. इथली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर ती स्वतः तेथे उपकंपनी काढू शकते आणि त्यासाठी तिच्या निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत रक्कम रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीवाचून पाठवू शकते. व्यक्ती म्हणून पाठवलेल्या पैशाला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के आगाऊ कर (टीसीएस) कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकून पडते. कंपनीच्या गुंतवणुकीला हा टीसीएस नाही.

आणि मोठ्यांचे पाहून कंपनी बाहेर नेण्याची घाई असेल, तर एवढेच सांगतो की फोनपेने २०२२ मध्ये आपले मुख्य ठाणे सिंगापूरहून भारतात परत आणले, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपयांचा कर भरावा लागला. दुबईविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे. वडिलांना ते वाचून दाखवा.

प्रश्न : माझा मुलगा टेक्ससमध्ये एमएस करून आठ महिन्यांपासून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या विद्यार्थ्यांच्या परवान्यावर, नोकरी करतो. त्याला नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर कंपनी काढायची आहे. एक मित्र अमेरिकन नागरिक आहे. ह्यांचे म्हणणे आहे की ग्रीन कार्ड होईपर्यंत नोकरी सोडू नये. मला कोणाचे बरोबर हे समजत नाही. आणि सगळे सोडून तो परत आला, तर लोक काय म्हणतील?
— एक आई, दांडिया बाजार

उत्तर : ताई, यजमानांचा सल्ला काळजीपोटी आहे, पण तो पाळणे अवघड आहे. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के येतात आणि भारतीयांची रांग आता दशकांत मोजावी लागते. आज रांगेत उभा राहिलेला मुलगा कंपनी काढेल तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले असतील.

अमेरिकेत ‘स्टार्टअप व्हिसा’ नावाची वस्तू नाही. जे आहे ते तुकड्या-तुकड्यांनी जोडून घ्यावे लागते. ओपीटीच्या पहिल्या १२ महिन्यांत त्याला शिकलेल्या विषयातला स्वतःचा व्यवसाय करता येतो. त्यापुढची २४ महिन्यांची वाढ विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळते, पण तेव्हा कामगारांचा काम करण्याचा हक्क तपासणाऱ्या ई-व्हेरिफाय या सरकारी योजनेत नोंदलेला मालक, प्रशिक्षणाचा लेखी आराखडा आणि त्यावर देखरेख करणारी दुसरी व्यक्ती लागते. आपणच आपले साहेब चालत नाही. इथे तो अमेरिकन मित्र उपयोगी पडेल, पण नुसता कागदावर नव्हे, खरोखरच कामावर असला तर. एच-१बी या कुशल नोकरदारांच्या व्हिसाच्या वर्षाला ८५ हजार जागा आहेत आणि मागणी त्याहून कितीतरी अधिक असते. जानेवारी २०२५ पासून कंपनीत स्वतःचा मोठा हिस्सा असलेल्यालाही त्याच कंपनीमार्फत हा व्हिसा मागता येतो, मात्र पहिल्या दोन खेपा प्रत्येकी १८ महिन्यांच्याच असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर लावलेले एक लाख डॉलरचे शुल्क मुख्यतः देशाबाहेरून येणाऱ्यांसाठी आहे. विद्यार्थी व्हिसावरून तिथल्या तिथे बदल करून घेणाऱ्याला ते लागत नाही, असा खुलासा नंतर झाला. म्हणून हा बदल होईपर्यंत दिवाळीला घरी येण्याचा आग्रह करू नका, आणि तो स्वतः येतो म्हणाला तर आधी वकिलाला विचारायला सांगा.

याखेरीज उद्योजकांसाठी २०१७ चा एक नियम आहे, ज्यात व्हिसा न देता ३० महिने राहू देतात आणि पुढे आणखी ३० महिने वाढवून देऊ शकतात. त्यासाठी पात्र अमेरिकन गुंतवणूकदारांकडून ३,११,०७१ डॉलर मिळालेले असावे लागतात. ऑक्टोबर २०२४ पासून हा आकडा आहे. कोणी ई-२ या गुंतवणूकदारांच्या व्हिसाचे नाव काढले, तर भारताशी तसा करार नसल्याने भारतीयाला तो मिळत नाही. आधी एखाद्या छोट्या देशाचे नागरिकत्व विकत घ्यायला सांगणारे भेटतात, पण तसे केल्यास भारतीय नागरिकत्व जाते, हे ते हळू आवाजात सांगतात.

लोक काय म्हणतील याचे उत्तर या स्तंभात देता येत नाही. एवढे मात्र निश्चित की तो परत आला म्हणून कंपनी परत येत नाही. अमेरिकन कंपनीचा भागधारक जगात कुठेही राहू शकतो. मित्र तेथे विक्री पाहतील आणि मुलगा रावपुऱ्यात बसून रात्री त्यांच्याशी बोलेल, अशा कंपन्या आज पुष्कळ आहेत.

प्रश्न : मी घरी बसून परदेशी ग्राहकांसाठी वेबसाइटची कामे करते. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घेतली तर युरोपात राहता येते आणि करही लागत नाही, असे एका व्हिडिओत ऐकले. खरे आहे का?
— एक वाचक, फतेगंज

उत्तर : दोन्ही खरे नाही. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सोय म्हणजे एक डिजिटल ओळखपत्र आहे. त्यावर कंपनी काढता येते, कागदांवर सही करता येते, पण राहण्याचा किंवा प्रवेशाचाही हक्क मिळत नाही. राहण्यासाठी त्यांचा वेगळा स्टार्टअप व्हिसा २०१७ पासून आहे. कराबाबत, तेथे कंपनीचा नफा वाटला जाईपर्यंत त्यावर कर नाही, हे बरोबर. परंतु वर्षातले १८२ दिवस भारतात राहणाऱ्याला जगभरातल्या उत्पन्नावर भारतात कर आहे आणि सगळे काम आपण फतेगंजातल्या टेबलावर करत असाल, तर त्या कामाचा मोबदला इथलाच समजला जाईल. ग्राहक आज आपल्या बडोद्याच्या खात्यात पैसे पाठवत असतील, तर मध्ये एस्टोनिया आणून फक्त हिशेबनिसांचे बिल दुप्पट होईल.

प्रश्न : माझ्या मेहुण्याने दुबईत २०२३ मध्ये ट्रेडिंगची कंपनी सुरू केली. मी बँकेतून सहा लाख रुपये पाठवले आणि त्याने मला २० टक्के हिस्सा दिला. बँकेच्या फॉर्मवर त्याने सांगितल्याप्रमाणे ‘कुटुंबाचा निर्वाह’ असे कारण लिहिले होते. आता मलाही तेथे जाऊन त्यात पडायचे आहे. काही अडचण आहे का?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : दुबईची बाजू आधी, कारण ती सोपी आहे. २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी मिळते, पगारावर कर नाही, आणि १ जून २०२३ नंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून पावणेचार लाख दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. निवासाचा साधा व्हिसा कंपनीच्या लायसन्सशी बांधलेला असतो. लायसन्सचे नूतनीकरण चुकले की घराचा भाडेकरार, मुलांची शाळा, बँक खाते, सगळ्यालाच धक्का बसतो. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो रद्दही होतो. नागरिकत्वाची अपेक्षा धरून तेथे जाऊ नये. दुबई ही धंदा करण्याची जागा आहे, मुळे रोवण्याची नाही, आणि हे समजून गेलेले लोक तेथे सुखी दिसतात.

अडचण आहे ती बडोद्याच्या बाजूला. शेअर बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीतला हिस्सा, मग तो एक टक्का का असेना, आपल्या नियमांनुसार थेट परदेशी गुंतवणूक ठरतो. पैसे पाठवतानाच बँकेत फॉर्म एफसी भरून त्या कंपनीसाठी एक ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि १० टक्क्यांहून अधिक हिस्सा असल्याने दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तिचा अहवालही द्यावा लागतो. आपण यातले काही केलेले नाही, शिवाय कारण चुकीचे लिहिले आहे. माझ्या काउंटरवर असे फॉर्म रोज यायचे. ‘गुंतवणूक’ लिहिले तर दोन कागद जास्त लागतात, म्हणून ‘निर्वाह’ लिहायचे. मीही कधीकधी समोरच्याचा चेहरा पाहून शिक्का मारला आहे आणि त्याचे आज वाईट वाटते, कारण पुढे त्याच माणसांना नफा परत आणताना ‘मूळ गुंतवणूक दाखवा’ असे सांगावे लागले आणि दाखवायला त्यांच्याकडे निर्वाहाची पावती होती.

आपले प्रकरण फार बिघडलेले नाही. ज्या बँकेतून पैसे गेले, तिच्याच परकीय चलन शाखेत मेहुण्याच्या कंपनीचे लायसन्स, शेअर सर्टिफिकेट आणि पैसे गेले त्या दिवशीचा बँकेचा स्विफ्ट संदेश घेऊन जा. उशिरा दिलेल्या कागदांसाठी विलंब शुल्काची सोय आहे, पण ती देय तारखेपासून तीन वर्षांपर्यंतच, म्हणून २०२३ मधला महिना आजच तपासा. मुदत उलटली असेल किंवा चुकीच्या कारणाचा प्रश्न शुल्काने मिटणार नाही असे बँक म्हणाली, तर रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा, म्हणजे रक्कम भरून चूक मिटवून घेण्याचा, अर्ज करावा लागेल. आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात हा हिस्सा दाखवला होता का, तेही पाहा. न दाखवल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे, परंतु ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या स्थावरेतर परदेशी मालमत्तेला त्यातून सूट आहे आणि आपली रक्कम त्यात बसते. तिकीट काढण्यापूर्वी हे सगळे उरका. एकदा अनिवासी झालात की खाते बदलते, फॉर्म बदलतात, आणि जुनी चूक दुरुस्त करायला दुबईहून सुट्टी काढून याच शाखेत यावे लागते.